अर्धं कडबोळं

मी एक जुनी टोपली आहे. नेपल्सच्या जुन्या भागात, एका अरुंद बोळात, चौथ्या मजल्यावरच्या घरातली. या घरात आता सुट्टीला आलेले पाहुणे चार-चार दिवस राहून जातात.

मित्रांनो, मला आनिएल्लोने विणलं. तो खुर्च्या विणणारा. लग्नाच्या वर्षी त्याने चेस्टनटच्या लाकडाच्या पट्ट्या भिजवल्या आणि बायकोसाठी मला केलं. बायको राकेले. तिने माझ्या कडीला एक घुंगरू बांधलं, दोर ओवला आणि बाल्कनीतल्या कप्पीवरून मला खाली सोडलं.

चाळीस वर्षं मी रोज बाराला खाली गेले. तळमजल्यावर आनिएल्लोची कामाची खोली होती. माझ्यात झाकणाच्या भांड्यात गरम पास्ता असे. वाटेत प्रत्येक मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे मला लागत. तिसऱ्यावर साबणाचा वास, दुसऱ्यावर तळलेल्या वांग्यांचा. कधी राकेले शेजारणीशी बोलत बसे आणि मी मधेच थांबून राही. खाली माणसं, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, आणि मी हळूहळू स्वतःभोवती फिरत. ते मला फार आवडायचं.

घुंगरू वाजलं की आनिएल्लो वर न बघताच हात पुढे करी. भांडं काढून घेई, शेजारच्या मेनाच्या दुकानातला पाव ठेवी आणि मिरीचं एक कडक कडबोळं मोडून अर्धं माझ्यात टाकी.

"राकेले, दात सांभाळ गं!"

"तू बोटं सांभाळ! सकाळपासून एकच खुर्ची घेऊन बसलायस. विणतोस की झोपा काढतोस?"

मग राकेले आजारी पडली आणि गेली. आनिएल्लोला वरच्या घरात राहवेना. तो कामाच्या खोलीतच राहू लागला. मुलीने, लोरेदानाने, वरचं घर पाहुण्यांना द्यायला काढलं. माझा दोर काढला, माझ्यात वाळलेली फुलं खोचली आणि मला स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. पाहुणे माझे फोटो काढत. "किती सुंदर!" म्हणत. मला वाटे, अरे, मला उचला तरी.

खालून मेनाचा आवाज येई. "आनिएल्लोकाका, आजही जेवला नाहीत? आणि मान अशी खाली घालून किती दिवस बसणार?" दोन वर्षं त्याने त्या बाल्कनीकडे पाहिलं नव्हतं. मला एकदाच खाली जायचं होतं. त्याने वर बघावं, एवढंच.

एका वसंतात पोलंडहून हालिना नावाच्या बाई आल्या, एकट्याच. दुसऱ्याच दिवशी जिन्यात त्यांचा पाय मुरगळला. घरात पाव नव्हता. त्यांनी बाल्कनीतली कप्पी पाहिली, मग मला पाहिलं. फुलं काढली, कपडे वाळत घालायची दोरी सोडून मला बांधली, माझ्यात चिठ्ठी आणि पैसे ठेवले आणि मला खाली सोडलं.

बारा वाजले होते. साबणाचा वास, वांग्यांचा वास, सगळं तसंच. घुंगरू वाजलं.

आनिएल्लोचा हात वर न बघताच पुढे आला. चिठ्ठी त्याने पाहिलीही नाही. कडबोळं मोडलं, अर्धं माझ्यात टाकलं.

"राकेले, दात सांभाळ गं!"

दुकानाच्या दारात मेनाने तोंडाला पदर लावावा तसा हात लावला. आपण काय बोललो ते आनिएल्लोला कळलं. त्याने माझी कडी घट्ट धरली. आणि मग, मित्रांनो, त्याने मान वर केली.

"राकेले नाही," वरून मोडक्यातोडक्या भाषेत आवाज आला. "हालिना. पाय गेला. पाव हवा."

आनिएल्लो डोळे पुसून म्हणाला, "मेना, ऐकलंस ना? पाव दे. कालचा देऊ नकोस!"

"काका, मी कधी शिळा दिलाय?"

"मला रोजच देतेस!"

हालिनाबाईंनी मला वर ओढलं आणि विचारलं, "हे अर्धंच का?"

"अर्धं खालीच राहतं," आनिएल्लो म्हणाला. उरलेलं अर्धं त्याने तिथेच उभ्याने खाल्लं.

चार दिवसांनी बाई गेल्या. लोरेदाना आवरायला आली आणि मला पुन्हा खिळ्याला अडकवू लागली.

"लोरेदाना, टोपली सोड खाली!" खालून आनिएल्लो ओरडला.

"बाबा, ती शोभेची आहे."

"शोभेसाठी नव्हती विणली मी."

त्याने माझ्या तळाच्या सुटलेल्या पट्ट्या बदलल्या, नवा दोर ओवला. घुंगरू मात्र तेच ठेवलं. मग स्वतः चार मजले चढून वर आला. दोन वर्षांनी. बाल्कनीत जरा वेळ उभा राहिला आणि मला कप्पीला लावून गेला. टेबलावर चिठ्ठी ठेवली: बाराला टोपली खाली सोडा.

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाच्या हातची एखादी वस्तू असेल. ती पुसून, जपून ठेवता, चांगलं करता. पण तिला तिचं काम करू द्या. झिजली तर दुरुस्त करा. खिळ्याला टांगून ठेवलं की ती आणि आपण, दोघंही वाळतो.

आता बारा वाजत आलेत. आज वर कुणीतरी नवीन आहे, त्यांची भाषा मला कळत नाही. पण दोर सैल होतोय. आणि खाली आनिएल्लो मान वर करून उभा आहे.