शोधक दुर्बिणीचा नवा डोळा

मित्रांनो, मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक वीतभर काळी नळी बसलेली असते. पाहुणे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ती मी. मला शोधक दुर्बीण म्हणतात. माझी चाळिशी केव्हाच उलटली. अंगावरचा रंग तीन ठिकाणी उडाला आहे आणि बुडाशी एक पोचा आहे. तरी भिंग अजून स्वच्छ आहे, आणि गेल्या महिन्यात जे घडलं ते सांगण्याइतकी आठवणही शाबूत आहे.

एका कारखान्यातल्या लांब बाकावर माझा जन्म झाला. माझं भिंग घासणारी बाई कामाच्या तालावर गुणगुणायची:

थोरलीचा डोळा मोठा, परि सापडेना वाट गं
धाकली चालते पुढं, धरून तिचं बोट गं

तिचं खरंच होतं. मोठी दुर्बीण खोलवर बघते, पण आभाळाचा इवलासा तुकडाच तिला दिसतो. मला खोल दिसत नाही, पण ऐसपैस दिसतं. म्हणून आधी माझ्यातून बघून तारा शोधायचा, माझ्या पोटातल्या तारेच्या फुलीवर आणायचा, आणि मग मोठीच्या डोळ्याला डोळा लावायचा.

मला घरी आणलं ते घड्याळजींनी. दिवसभर दुकानात मान वाकवून घड्याळं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी गच्चीवर मान वर करून आभाळ बघायचं, असा त्यांचा दिनक्रम. मोठी दुर्बीण त्यांनी स्वतः बांधली आणि मला तीन स्क्रूंनी तिच्या पाठीवर बसवलं. दर महिन्याला दिवसाउजेडी ते दूरच्या पाण्याच्या टाकीवरची वीजरोधक सळई आम्हां दोघींतून बघत. दोघींची नजर एकाच टोकावर आली की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "झालं, बहिणींचं जमलं."

एका ताऱ्यावर त्यांचा फार जीव. तो होता रूपविकारी तारा, म्हणजे काही महिने तेज वाढवणारा आणि मग हळूहळू मंदावणारा. घड्याळजींनी त्याचं नाव ठेवलं होतं लहरीबाई. लहरीबाई आज किती तेजस्वी, हे शेजारच्या ताऱ्यांशी ताडून एका वहीत आकड्यात मांडायचं. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. असं त्यांनी सव्वीस वर्षं केलं. ताप असो, घरात पाहुणे असोत, लहरीबाईचा एकही फेरा, म्हणजे तेजाचा एकही चढउतार, नोंदीवाचून गेला नाही. पाहुणे मोठीचं कौतुक करत, तेव्हा घड्याळजी माझ्याकडे बोट दाखवत. "ही नसती तर तुम्हांला नुसता काळोख दिसला असता." एवढ्या शब्दांवर मी वर्ष वर्ष काढत असे.

मग मानेने दगा दिला.

मोठ्या दुर्बिणीतून बघायचं तोंड तिच्या कुशीला आहे. तिथे ताठ उभं राहून बघता येतं. माझं तसं नाही. माझ्यात डोकवायचं तर गुडघे वाकवून, मान पार मागे टाकून, एक डोळा मिटून लोंबकळावं लागतं. चाळीस वर्षं पुढे वाकलेल्या मानेला ते सोसवेना. उजव्या हाताची बोटं बधिर झाली. डॉक्टरीणबाईंनी गळ्यात पट्टा घातला आणि बजावलं, "मान मागे टाकायची नाही. एकदासुद्धा नाही. नस अजून दाबली गेली तर हात जाईल." माझ्या बुडाशी तिरपा आरसा लावून बघितला, पण मग मान कडेला वळवावी लागे. तेही बंद झालं.

आमच्या अंगावर कापड पडलं. दोन महिने मी त्या कापडाखाली होते. माझ्या कानावर फक्त बोलणी येत.

एका संध्याकाळी घड्याळजी म्हणाले, "शाळेला देऊन टाकू. वही माळ्यावर टाका."

"आणि लहरीबाई?" त्यांच्या सूनबाईंनी विचारलं.

"ती चाललीय मावळतीला. बारा दिवस आहेत. मग संधिप्रकाशात बुडेल, ती चार महिने दिसायची नाही. तोवर हा फेरा संपेल. मान गेल्यावर सुरू झाला, त्याची एकही नोंद नाही. सव्वीस वर्षांची माळ तुटली, की तुटली. तुटकी माळ घालून कुठे मिरवायचं?"

मित्रांनो, आणि माझं काय? मोठी शाळेत गेली तर तिला मानाची खोली मिळेल. मान वाकडी करायला लावणाऱ्या नळीला कोण विचारतं?

सूनबाई इस्पितळात क्ष-किरण विभागात कामाला. हाडांचे फोटो काढायचे आणि बघायचे. त्या म्हणाल्या, "बाबा, मान वर जात नाही ना? मग चित्र खाली आणू. हिच्या मागे कॅमेरा लावू आणि आभाळ पडद्यावर बघू. तुम्ही खुर्चीत बसा."

"कसला कॅमेरा?"

"ते बघावं लागेल."

एवढं म्हणून त्यांनी माझा बुडाचा डोळा, घड्याळजींच्या पापणीची ऊब ओळखणारा तो काचेचा डोळा, फिरवून काढला. फुलीची तारही काढली. दोन्ही कापसात गुंडाळून डबीत ठेवली. मी मागून उघडी पडले. आता त्या भोकात कोण येणार, या काळजीने मला घेरलं.

पहिला कॅमेरा आणला दाजींनी. दाजी म्हणजे घड्याळजींच्या बहिणीचे यजमान. त्यांना प्रत्येक गोष्टीतलं कळतं, निदान तसं ते सांगतात. "आमच्या दारावरचा आहे. मिट्ट काळोखात मांजर दिसते. मिशांसकट!"

अंधार पडताच कॅमेरा माझ्या मागे चिकटवला. पडदा पांढराफटक. सूनबाई हसायला लागल्या. "दाजीकाका, याच्या तोंडाशी न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे आहेत. त्या उजेडात हा मांजर बघतो. आत्ता नळीच्या आतली भिंत बघतोय."

"मग?"

घड्याळजी पट्ट्यातून म्हणाले, "दाजी, लहरीबाईपर्यंत तुमच्या दाराचा दिवा पोचायला बरीच वर्षं लागतील. तोवर चहा घ्या."

नऊ दिवस उरले.

दुसरा कॅमेरा फोटोवाल्याकडून उसना आला. रंगीत, आणि त्यात म्हणे कोट्यवधी ठिपके. दुपारी त्याने पाण्याच्या टाकीवरची सळई अशी दाखवली की तिच्यावरचा गंजही मोजता यावा. सगळे खूश झाले. दाजी म्हणाले, "मीही असाच सांगणार होतो." मलाही वाटलं, सुटले. पण अंधार पडला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या वळवळू लागल्या. रात्रीच्या कामाचा कॅमेरा आम्ही भर दुपारी पास केला होता!

सूनबाई मात्र खचल्या नाहीत. "ठिपके जास्त म्हणजे एकेक ठिपका बारीक. भुरभुर पावसात शंभर चमचे ठेवले काय आणि दहा वाट्या ठेवल्या काय, पाणी कशात साठेल? आपल्याला वाट्या हव्यात. आणि रंगाचं काय करायचंय? आमच्याकडे छातीचा फोटो रंगीत नसतो, तरी मोडलेली बरगडी कळते."

मग त्यांनी पुठ्ठ्याच्या चौकटी कापल्या. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याची चिप, म्हणजे उजेड टिपणारी पाटी, माझ्या मागे आभाळाचा केवढा तुकडा पकडेल, तेवढं भोक. नकाशावर लहरीबाईच्या जागी एकेक चौकट ठेवून बघितली. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याच्या भोकात एकटी लहरीबाई, शेजारपाजार नाही.

घड्याळजी म्हणाले, "हे किल्लीच्या भोकातून आभाळ बघणं झालं. वाट शोधणारीलाच वाट दिसली नाही तर उपयोग काय?"

एका चौकटीत लहरीबाई आणि तिला ज्यांच्याशी ताडायचं त्या तिन्ही शेजारणी एकत्र मावल्या. तो कॅमेरा काळापांढरा होता, त्याचे ठिपके कमी पण मोठे, आणि चिप रुंद. सूनबाईंनी तोच मागवला. तो आला तेव्हा पाच दिवस उरले होते.

आणि तो बसेना.

म्हणजे नीट सांगते. माझ्या भिंगातून येणारं चित्र माझ्या पोटात, मागच्या तोंडापासून थोडं आत उमटतं. कॅमेऱ्याची चिप बरोबर तिथे पोचायला हवी. याचं डोकं जाड, आत शिरत नव्हतं. घड्याळजींनी मोजलं. बारा मिलिमीटर कमी. पडद्यावर प्रत्येक तारा फुगून लाडूएवढा दिसत होता.

"एवढंच ना?" दाजी म्हणाले. "बारा मिलिमीटर नळी कापू." ते घरी जाऊन लोखंड कापायची करवत घेऊन आले. सूनबाईंनी मला मोठीच्या पाठीवरून उतरवलं आणि माझ्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून पेन्सिलीने रेघ ओढली. गार, बारीक रेघ. तिरकी कापली गेले तर आयुष्यभर माझी नजर तिरकी, हे मला कळत होतं.

मित्रांनो, एक गोष्ट मी तुम्हांला अजून सांगितलेली नाही. त्या गच्चीवर ती कुणालाच ठाऊक नव्हती. माझं पुढचं भिंग एका कोंदणात आहे, आणि त्या कोंदणाला आटे आहेत. ते फिरवलं की भिंग मागेपुढे सरकतं, आणि भिंग मागे गेलं की आतलं चित्रही तेवढंच मागे येतं. ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे चित्र जुळावं म्हणून कारखान्याने केलेली ती सोय. कोंदणामागे ते पक्कं करायची एक कडी आहे. पहिल्याच वर्षी घड्याळजींनी गंज चढू नये म्हणून मला हौसेने काळा रंग दिला. दोन हात. कडी आणि नळी यांच्या सांध्यावरही दिला. सांधा बुजला, आणि त्यांना माझं चित्र आहे तस्संच जुळत होतं, म्हणून तो कुणी उघडलाच नाही. त्यांच्या मायेनेच माझं तोंड बंद केलं होतं. आता मी ओरडून सांगू तरी कशी?

करवतीचे दात रेघेवर टेकले.

"थांबा," घड्याळजी म्हणाले. "कापलेलं परत जोडता येत नाही. आधी मला बघू द्या."

"अहो, घड्याळ नाही ते, नळी आहे!"

"असू दे. कुणीतरी हातांनी बनवलीय ना? ज्याने बनवली त्याने उघडायची वाट ठेवलीच असणार. न उघडणारी वस्तू माणूस बनवत नाही, दाजी. फक्त शवपेटी बनवतो."

त्यांनी मला मांडीवर घेतलं, डोळ्याला दुकानातलं भिंग लावलं आणि उजव्या अंगठ्याचं नख माझ्या अंगावरून फिरवत नेलं. नख सांध्यावरून गेलं. पुन्हा गेलं. काही नाही. त्या बधिर बोटाला काही लागलंच नाही. मी आतल्या आत तडफडले. त्यांनी सुस्कारा टाकला आणि मला दाजींकडे द्यायला डाव्या हातात घेतलं.

डाव्या अंगठ्याचं नख अडकलं. टक्.

त्यांनी पुन्हा नख फिरवलं. टक्. "सूनबाई, हा रंग खरवड. इथे. मीच लावलाय. काय गाढव आहे मी!"

"कबूल केलंत, बरं झालं," दाजी म्हणाले आणि करवत पाठीमागे लपवली.

रंग निघाला, पण कडी हलेना. चाळीस वर्षांचं दव आणि धूळ आट्यांत बसली होती. घड्याळजींनी घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब सांध्याभोवती सोडला. "आज जोर करायचा नाही. तेलाला रात्र द्या." दुसऱ्या दिवशीही ती हलली नाही. सूनबाईंनी गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलं, रबराचा तुकडा धरला. घड्याळजींनी डाव्या हाताने पिळलं. मी करकरले. दुखलं. मग काहीतरी सुटलं आणि कडी फिरली.

मग कोंदण फिरवलं. एका वेढ्याला भिंग एक मिलिमीटर मागे. बारा वेढे मोजले. मला पुन्हा मोठीच्या पाठीवर बसवलं, टाकीच्या सळईवर दोघींची नजर जुळवली आणि पडद्यावर फुली काढली. तीन दिवस उरले होते.

त्यातले दोन ढगांनी खाल्ले.

शेवटच्या संध्याकाळी शेजारच्या छपरावर हातभर उघडं आभाळ राहिलं. घड्याळजी खुर्चीत, मान ताठ, समोर पडदा. सूनबाई मोठीला ढकलत होत्या. "डावीकडे. अजून. थोडी खाली. अगं, एवढी नको, ती काय भिंत आहे?" ढग सरकत होता. माझ्या मागच्या तोंडात तो परका डोळा बसला होता आणि मी जिवाच्या आकांताने उजेड गोळा करून त्याला देत होते. पडद्यावर एक ठिपका आला. मग शेजारण. मग दुसरी, तिसरी. टाचणीच्या टोकासारख्या लख्ख. सूनबाईंनी पहिला ठिपका फुलीवर आणला.

"आल्या बाईसाहेब," घड्याळजी हळूच म्हणाले.

ते ताठ उभे राहिले, मोठीच्या कुशीला डोळा लावला. "आठ पूर्णांक चार. लिही. माझ्या हातात पेन्सिल ठरत नाही."

सूनबाईंनी लिहिलं. वहीत सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याचं अक्षर उमटलं.

"आता तू बघ."

"मला काय कळतंय बाबा?"

"बरगडी कळते ना? बघ."

त्यांनी बघितलं. शेजारणींशी ताडलं. चाचरत म्हणाल्या, "मला जरा मंद वाटते. आठ पूर्णांक सहा. चुकलं असेल. खोडू का?"

"खोडायचं नाही. माझ्या खाली लिही, आणि पुढे नाव घाल तुझं. पुढल्या फेऱ्याला तुझी नोंद आधी, माझी नंतर."

तेवढ्यात ढग आला.

तर मित्रांनो, मी अजून मोठीच्या पाठीवर आहे. काळजी मात्र संपलेली नाही. लहरीबाई चार महिन्यांनी परत येईल, तेव्हा ती बोटं कशी असतील, कोण जाणे. दव पडतं, आटे धूळ खातात. म्हणून तुमच्या घरात जे कोणी जुनं आणि मुकं आहे त्याच्यासाठी सांगते. त्याला हौसेने रंग द्या, पण सांध्यांवर देऊ नका. वर्षातून एकदा तरी तेलाचा थेंब सोडा, कडी सैल करून बघा. आणि कापायला निघालात तर आधी दोन्ही हातांनी चाचपा. आम्हांला सांगायचं असतं, पण सांगता येत नाही.