सरोजिनी नगरातला हिमससा

मी एक जुना पांढरा केसाळ कोट आहे, मित्रांनो, पण मला नुसता कोट म्हणू नका. एका दुपारी मी चक्क बर्फातला ससा झालो होतो!

माझा जन्म नोएडातल्या नव्याकोऱ्या कारखान्यात झाला. तेव्हा देशाची दारं परदेशी व्यापाराला नुकतीच उघडली होती आणि जो तो माल परदेशी धाडत होता. मीही निघणार होतो, पण माझी एक बाही तोकडी निघाली. झालं! रवानगी थेट दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात, स्वस्त कपड्यांच्या ढिगाऱ्यात. बाया मला उचलत, खुदकन हसत आणि परत फेकत. मला भारी राग यायचा.

मग आल्या सुकन्याताई. मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा उदयसिंह फौजेत, घर दिल्लीच्या छावणीत. त्यांच्या शिवांजलीला शाळेच्या खेळात हिमससा व्हायचं होतं. पांढऱ्या चादरींच्या बर्फात ससे लपणार आणि गरुड झालेला राजवीर शिट्टी होईपर्यंत त्यांना शोधणार. पण पोरीच्या मनात वेगळंच होतं. दुसऱ्या दिवशी तिचे पप्पा बर्फातल्या चौकीवर निघणार होते, असाच पांढरा कोट घालून. "मी सापडले नाही, तर पप्पापण कुणाला दिसणार नाहीत," असं तिनं हळूच मला सांगितलं.

ताईंनी मला दोन लांब कान शिवले. आणि शाळेत पोचल्यावर काय केलं? कानांच्या टोकांना काजळाची तीट लावली!

"एवढं पांढरंशुभ्र पिल्लू माझं, दृष्ट नको लागायला."

"मम्मी, यार! आता सब दिखेगा ना!" शिवांजली रडकुंडीला आली.

शाळेतल्या प्रमोदिनीबाई मराठीच. त्यांनी हसून तिला जवळ घेतलं. "अगं, खऱ्या हिमसशाच्या कानांची टोकं काळीच असतात. लपायचं अर्धं काम रंग करतो. उरलेलं आपण करायचं. अजिबात हलायचं नाही."

खेळ सुरू झाला. एकेक ससा सापडत गेला. माझ्या आत पोरीचं काळीज नुसतं धडधडत होतं. राजवीर दोनदा अगदी जवळून गेला, तरी माझा एक केस हलला नाही! आता शिट्टी होणार, एवढ्यात दारातून वर्दीतले उदयसिंह आत आले.

"पप्पा!" ससा टुणकन उडाला आणि गरुडानं झडप घातली.

शिवांजली हमसाहमशी रडू लागली. "मी सापडले. आता तुम्हीपण सापडणार."

उदयसिंहांनी तिला कानांसकट उचललं. "वेडाबाई, तू हाक मारलीस म्हणून सापडलीस. मी तिथं तुझं नाव मनातल्या मनात घेईन. बिल्कुल आवाज नाही. अच्छा?"

"अच्छा," ती डोळे पुसत म्हणाली.

आता माझे केस झडलेत. पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून असतो, कुणी ऊनही दाखवत नाही. माझं राहू द्या, मित्रांनो, पण डोंगरावरचा बर्फ जपा. हिवाळ्यात बर्फच पडला नाही, तर पांढरा ससा काळ्या मातीवर लांबूनही दिसतो. मग कितीही स्थिर बसला तरी त्याला लपता येत नाही.

आणि हो, उदयसिंहांचं सांगायचं राहिलंच. उन्हाळा लागता लागता एका सकाळी क्वार्टरच्या जिन्याखालून हाक आली.

"शिवांजलीऽऽ!"

तिन्ही मजल्यांवरची माणसं दारात आली. इतके महिने मनात घेतलेलं नाव त्यांनी एका दमात ओरडून टाकलं होतं.