सव्वादोन किलो सूचना

मित्रांनो, मी एक जुनी सूचनापेटी आहे. सागवानी अंग, पितळी कुलूप आणि स्वभावाने फटकळ. पण तोंड मला दिलं ते फक्त चिठ्ठ्या गिळायला.

मला घडवलं एका बहिऱ्या सुताराने. तो लाकडावर तळहात टेकवून रंधा कसा चाललाय ते ओळखायचा. त्याच्या थोरल्या बहिणीचं शिवणयंत्र घरी होतं, पण दुपारी ती त्याचा डबा घेऊन कामाच्या जागी यायची. माझ्या तळाशी बारीक फट राहिली होती, ती तिने बोटाने दाखवली. तो हसला आणि खांदे उडवून जेवायला बसला. "कामचुकार मेला," ती म्हणाली. त्याला ओठ वाचता येत, तो आणखीच हसला. फट तशीच राहिली.

पुढे राज्याच्या वाहतूक खात्यात माझी वर्णी लागली. येत्या पंचवीस वर्षांत रस्ते कुठून जातील याचा आराखडा व्हायचा होता आणि त्यासाठी लोकांचं ऐकायचं, असा नियम होता. ऐकायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आमच्या साहेबांची एक रीत होती. सभा सुरू होताना ते मला उघडून उलटी धरत, बुडावर थाप मारत आणि म्हणत, "बघा, पेटी रिकामी आहे. आपला कारभार स्वच्छ." लोक टाळ्या वाजवत. आता मला रिकामी दाखवायची, तर आदल्या गावच्या चिठ्ठ्या कुठेतरी जायला हव्यात. त्या आधी तराजूत जात, मग रद्दीत. वाचत कोण बसणार? अहवालात वजन लिहिलं की झालं. एका गावाने सव्वादोन किलो सूचना दिल्या, तेव्हा वरिष्ठांनी साहेबांची पाठ थोपटली. अहवालाच्या मुखपृष्ठावर माझा फोटो आला. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा चांगलीच फुगले होते.

मग आम्ही माझ्या सुताराच्या गावी गेलो. भाऊ-बहीण दोघंही सभेला आले. त्याने मला ओळखलं आणि माझ्या झाकणावर तळहात टेकवला. बहिणीने मापं लिहायच्या कागदावर लिहिलं होतं, "माझा भाऊ बहिरा आहे. घर नव्या रस्त्याच्या अलीकडे, कामाची जागा पलीकडे. मागून आलेली गाडी त्याला कळत नाही. रस्त्याखालून चालायला वाट ठेवा."

"वाचाल ना, साहेब?" तिने विचारलं.

"ताई, एकेक चिठ्ठी लाखमोलाची आहे."

ती समाधानाने घरी गेली. चिठ्ठी मात्र माझ्या तळाच्या फटीत सरकून अडकली. इतरांच्या चिठ्ठ्या निदान तोलल्या तरी गेल्या, हिची तेवढीही गत झाली नाही. मला ती टोचत होती. मी काय करणार, मला आवाज नाही.

रस्ता झाला. खालून वाट झाली नाही. मी पाच वर्षं गोदामात धूळ खात पडले. मग आराखड्याची फेरतपासणी आली, साहेब बढती घेऊन आले आणि आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो. या वेळी बहीण एकटीच होती.

"माझा भाऊ त्या रस्त्यावर गेला," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. ट्रकवाला म्हणतो, हॉर्न वाजवला होता."

"वाईट झालं, ताई. पण खालच्या वाटेबद्दल आमच्याकडे एकही सूचना आली नव्हती. आली असती तर विचार केला असता."

मग त्यांनी सवयीने मला उलटी धरली आणि थाप मारली. माझं लाकूड सुकून फट रुंदावली होती. चिठ्ठी तिच्या पायाशी पडली.

साहेबांनी ती उचलून वाचली. आयुष्यात त्यांनी वाचलेली ती पहिलीच चिठ्ठी असेल. "ही मागच्या आराखड्याची आहे," ते म्हणाले. "मुदत संपली. नवीन लिहा." त्यांनी तिला कोरा कागद दिला.

"मग ती तरी मला द्या."

"कार्यालयीन कागद आहे, ताई. देता येत नाही."

तिने माझ्या झाकणावर तळहात टेकवला. "फट मीच दाखवली होती त्याला," ती हळूच म्हणाली. कोरा कागद तिने खुर्चीवरच ठेवला.

सभा संपल्यावर चिठ्ठ्या तराजूत गेल्या. वजन कमी भरलं, तेव्हा साहेबांनी तिची जुनी चिठ्ठीही पारड्यात टाकली. मुदतीचं त्यांना आठवलं नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवं कुलूपही नको. एवढंच करा, माझ्या तोंडात चिठ्ठी टाकून घरी जाऊ नका. कुलूप उघडून ती तुमच्यासमोर मोठ्याने वाचली जाईपर्यंत खुर्ची सोडू नका. ती बिचारी विश्वासाने उठून गेली होती.