दारातला कर्नल

ते साल एकोणीसशे बहात्तर, दुष्काळाचं. नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात मी इतिहास शिकवत होते. शाळेच्या संमेलनासाठी मुलांकडून इंग्लंडचा एक प्रसंग बसवून घेत होते. सोळाशे अठ्ठेचाळीसात पार्लमेंटातले बरेच सभासद राजाशी तडजोड करू पाहत होते. तेव्हा सैन्यातला एक कर्नल यादी घेऊन दारात उभा राहिला आणि नकोशा सभासदांना त्याने आतच सोडलं नाही.

कर्नल झाले शाळेचे शिपाई भिमाजी. पलटणीतून निवृत्त, वर्दी घरचीच. इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून तालमीपुरती मी ग्रामपंचायतीतली तीन नावं लिहून दिली. पहिलं आप्पासाहेबांचं. तीच तीन का सुचली, ते मला ठाऊक होतं. सरकारी बोअर बौद्धवस्तीत घ्यायला ती माणसं आडवी येत होती. वस्तीच्या सदस्य कडूबाई कोसभरावरून पाणी आणत. नऊ जणांत त्यांच्या बाजूने चार, विरुद्ध पाच.

शाळेत दुष्काळी मदतीच्या सुकडीची पोती भरलेली, म्हणून तालीम चावडीत. भिमाजींना दारात उभं करून, "मी सांगेपर्यंत हलायचं नाही," असं बजावलं आणि मुलांना आणायला गेले. अकराला तिथेच पंचायतीची बैठक आहे, हे मी साफ विसरले.

परतले तर बैठक आटोपलेली. कडूबाईंनी सगळं सांगितलं. आप्पासाहेबांनी विचारलं होतं, "हुकूम कुनाचा?"

"वरचा हाय, आप्पा. तुमचं नाव हाय."

त्यांनी कागदावर स्वतःचं नाव वाचलं. त्या वर्षी नगरहून रोज नवा हुकूम येई. ते यादीतल्या उरलेल्या दोघांना घेऊन जाब विचारायला नेवाशाला गेले. इकडे चार विरुद्ध दोन मतांनी बोअर वस्तीत मंजूर.

"भिमाजी, खरी बैठक आहे हे कळलं नाही का?"

"तुमीच म्हनला हुता बाई, हलायचं न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी यादी चुलीत घातली, कोणापाशी बोलले नाही. चूक केली की बरं केलं?

बोअरला पाणी लागलं. आप्पासाहेबांनी तक्रार केली, पण कागदच नव्हता. उन्हाळ्यात त्यांची गाडीही टाकी घेऊन तिथेच उभी राहायची. पुढे ते राहात्याला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले. कडूबाई दोनदा निवडून आल्या. भिमाजी शाळेच्या नोकरीत, वर्दीतच गेले; जाणूनबुजून केलं का, हे विचारायचं राहूनच गेलं. मी निवृत्तीपर्यंत तो धडा शिकवला. कर्नल बरोबर होता का, असं मुलांनी विचारलं की मी पुस्तक मिटून हजेरी घ्यायची.