राहून गेलेली हाक

मित्रांनो, कॉलेजच्या सभागृहात शिरलात की डाव्या हाताला एक काचेची पेटी दिसते. तिच्यात वेटोळं घालून पडलेला, मनगटाएवढा जाड, काळपट दोर म्हणजे मी. मला बघून पोरं म्हणतात, "एवढंच?" त्यांचं काही चुकत नाही. दोर हा ओढायला असतो, बघायला नाही. पण माझ्यामुळे एका माणसाच्या तोंडून एक शब्द निघायचा राहून गेला होता. तो तीस वर्षांनी निघाला. ते सांगावं म्हणून आज तुम्हाला थांबवलं.

माझा जन्मच मारझोडीत झाला. अंबाडी पाण्यात कुजवली, दगडावर आपटली, लोखंडी दात्यांतून ओरबाडून काढली, तेव्हा कुठे तिच्या वाखाचे धागे निघाले. मग दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याने असा काही पीळ दिला की माझे तिन्ही पेड करकरले. तो बायकोला म्हणाला, "हा तुटायचा नाही. आधी ओढणारे तुटतील." आपल्या मालाची बढाई होती ती. मी मात्र फुगून गेलो. आज ते बोलणं आठवलं की नको वाटतं.

कॉलेजने मला रस्सीखेचीसाठी घेतलं. संघात आठ जण होते. मी त्यांना सुखाने हात लावू दिला असं नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या तळहातांची सालं काढली. तळहात फाटायचे, ते त्यावर थुंकायचे आणि पुन्हा मलाच धरायचे. सगळ्यांत पुढे 'नापास' असायचा. गणिताचं आणि त्याचं जन्माचं वाकडं. सगळ्यांत मागे 'खुंटा'. शेवटच्या गड्याने दोराचा फास कमरेभोवती घेऊन पाय रोवायचे, अशी या खेळाची रीत. खुंटा एकदा रोवला की हलायचा नाही.

खुंट्याची आई शिवणकाम करायची. पोराची कंबर सोललेली बघून ती तडक मैदानावर आली आणि मला धरून म्हणाली, "मेल्या, माझ्या लेकराला सोलतोस होय?" मग तिने माझ्या फासाला दुहेरी कॅनव्हासची गादी शिवली, बारीक दुहेरी टाक्यांची. एवढ्या प्रेमाने मला कुणी कधी शिव्या दिल्या नव्हत्या.

नववा होता 'हाक्या'. काडीसारखा, ओढण्याच्या कामाचा नाही, पण आवाज असा की मैदानापलीकडचे कुत्रे उठून बसत. तो बाजूला उभा राहून हाका द्यायचा. हाका तीनच. 'घ्या' म्हटलं की टाचा रोवून, अंग मागे टाकून ओढायचं. मध्येच कुणी पडला तर 'धरा'. बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. आणि 'सोडा' म्हटल्याशिवाय कुणीही हात काढायचा नाही, मग काही होवो. एकदा एकाचा खांदा निखळला, तो खाली लोळत ओरडत होता आणि उरलेले सात हाक्याच्या 'धरा'वर दगडासारखे उभे राहिले. तो सामना आम्ही जिंकलो. चार वर्षं ओळीने जिंकत होतो. मला खांद्यावर घेऊन मिरवत.

मग युद्ध सुरू झालं. कॉलेजच्या दारात टेबल लागलं आणि नऊही जणांनी एकाच दुपारी सह्या केल्या. नापास म्हणाला, "गणितापेक्षा गोळी बरी." सगळे पोट धरून हसले. मलाही त्यांनी बरोबर नेलं.

तिथे एका साहेबाने त्यांना ओढताना पाहिलं आणि तोफा चिखलातून काढायच्या कामाला एकत्रच ठेवलं. मी तोफा ओढल्या. उलटलेल्या गाड्या ओढल्या. पोटं फुटलेले घोडे पाय बांधून रस्त्यातून बाजूला ओढले. एकदा चाकाखाली सापडलेल्या गाडीवानाला ओढलं, तर तो निम्माच आला. त्या दिवशी कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे जेवले आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

शेवटची तोफ कालव्याचा बांध उतरताना घसरली. पलीकडच्या काठावर शत्रू होता. दुसरी कुठलीही माणसं असती तर वाकून, सरपटत, थोडी थोडी ओढली असती. माझी पोरं खेळाडू होती. ती बांधावर एका रांगेत उभी राहिली, खुंट्याने फास कमरेला घेतला आणि हाक्याने खालच्या चरातून हाक दिली, "घ्या."

तोफ वर सरकू लागली, तेवढ्यात पलीकडून मशीनगन सुरू झाली. पहिली गोळी नापासच्या गळ्यात घुसली. तो पडला, मी ढिला पडलो आणि हाक्याच्या तोंडून सवयीने निघालं, "धरा."

मित्रांनो, त्या वेळी 'सोडा' म्हणायला हवं होतं. ते त्यालाही कळलं, पण शब्द निघून गेला होता. सात जण उभे राहिले. अंग मागे, छाती पुढे, जशी शिकवण होती तसे. गोळ्या रांगेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरल्या. एकाचा जबडा गेला, तरी त्याचे हात माझ्यावरच होते. एकाची बोटं तुटून माझ्या पिळात अडकली. मी त्यांच्या रक्ताने इतका भिजलो की निसरडा झालो. मग तोफेचं वजन परत खाली ओढू लागलं आणि मी मेलेल्यांच्या अंगांवरून घासत खुंट्याला बांधावरून खाली घेऊन गेलो. त्याच्या पोटात तीन गोळ्या होत्या. तरी त्याच्या टाचा चिखलात चर पाडत चालल्या होत्या.

हाक्या धावत आला आणि त्याने चाकूने फास कापला. खुंट्याने डोळे उघडले. म्हणाला, "धरू अजून?"

हाक्याचे ओठ हलले. शब्द फुटला नाही. खुंटा माझ्यावरची पकड न सोडताच गेला.

हाक्याबरोबर मी परतलो, तेव्हा कॉलेजने मला सोड्याच्या पाण्यात उकळून या पेटीत ठेवलं. दरवर्षी त्या दिवशी फुलं यायची आणि प्राचार्य सांगायचे की आठही वीर शत्रूवर धावून गेले. हाक्या इथल्याच ग्रंथालयात नोकरीला लागला. इतकं हळू बोलायचा की तिथल्या 'शांतता राखा' या पाटीला काही कामच उरलं नाही. खुंट्याची आई दरवर्षी पहिल्या रांगेत बसायची आणि तो तिच्याकडे न बघता मागच्या दाराने निघून जायचा.

यंदा पुन्हा युद्ध आहे. पुन्हा दारात टेबल लागलं. नव्या प्राचार्यांनी ठरवलं की आठ नव्या मुलांच्या हातात मला द्यायचं, हाक्याने जुनी हाक द्यायची आणि मग मुलांनी सह्या करायला जायचं. त्यासाठी माझा कापलेला फास नीट हवा होता. शिवायला खुंट्याच्या म्हाताऱ्या आईलाच बोलावलं. मला मांडीवर घेऊन ती ग्रंथालयात बसली. हाक्या पुस्तकं लावत असल्याचं सोंग करत होता.

ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "कमरेला दोर बांधून शत्रूवर कोण धावतं रे?"

हाक्याच्या हातातलं पुस्तक पडलं.

"हे टाके माझे आहेत. चाकू आतून बाहेर फिरलाय. म्हणजे फासात माणूस होता. मला पहिल्याच वर्षी कळलं. तू येऊन सांगशील म्हणून थांबले."

मग त्याने सगळं सांगितलं. 'धरा'सुद्धा, आणि शेवटचं विचारणंही. म्हातारीने टाका पुरा केला आणि दोरा दाताने तोडला.

"सकाळी मी दहा हाका मारायची, तेव्हा कूस बदलायचा," ती म्हणाली. "तुझी एक हाक पुरली त्याला. मला तुझा राग आहे, खोटं कशाला बोलू? पण उद्या त्या पोरांसमोर गप्प बसलास, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं होतं. आठ मुलांनी मला धरलं. मऊ हात होते, माझी सवय नसलेले. शेवटच्याने नवा शिवलेला फास कमरेला घेतला. प्राचार्यांनी खूण केली. मुलं टाचा रोवून वाट बघू लागली.

हाक्याने आधी बांधावरचं सगळं सांगितलं, कुणाला कुठे गोळी लागली तेसुद्धा. प्राचार्य उठून त्याच्या बाहीला धरू लागले. त्याने बाही सोडवून घेतली, छाती भरून श्वास घेतला आणि तीस वर्षं न ऐकलेल्या त्या आवाजात म्हणाला, "सोडा."

सोळा हात उघडले. मी मातीत पडलो. या वेळी ती हाक वेळेवर आली होती.

त्या आठांपैकी तिघं तरीही टेबलाकडे गेले. पाच घरी गेले. मी कुणालाच नावं ठेवत नाही.

मित्रांनो, मला ओला ठेवू नका, उंदरांपासून जपा, बाकी माझं काही मागणं नाही. पण तुमच्यातला कुणी उद्या हाक देणारा होईल. त्याने हे आठ जण लक्षात ठेवावेत आणि 'धरा' ज्या दिवशी शिकवेल, त्याच दिवशी 'सोडा'ही म्हणून बघावं. म्हातारी रोज सकाळी येते, काचेतून फासाचे टाके तपासते आणि आठही जणांना एकेकाच्या नावाने हाक मारते.