अठरा फेब्रुवारीची भांडणं

लिहिलेलं गेल्याचं कळलं ते बुधवारी सकाळी, हातातला चहा निवायच्या आत. यशवंतरावांनी ‘वनमाला’ नावाची फाईल उघडली, तर ती दिवाळीपाशीच संपली होती. पुढचे तीन महिने साफ.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. रोज आंघोळ झाली की ते दोन बोटांनी तिच्याबद्दल टाईप करत. आधी गुण लिहिले. सुगरण, कष्टाळू, देवभोळी. ते दिवाळीपर्यंत पुरले. मग भांडणं काढली, आणि तेव्हा कुठं ती बाई घरात वावरू लागली.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून जो तो कॉम्प्युटरची नवी सिस्टिम बसवत होता, म्हणून मंगळवारी यांनीही बसवून घेतली होती. बसवणारा निरंजन पुरानी बस्ती मोहल्ल्यातला. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, पोट सुटलेला माणूस. निरोप मिळताच तो धापा टाकत आला.

“काकाजी, दिवाळीत मी सगळ्याची नक्कल नव्या डिस्कवर उतरवली होती. काल फक्त त्यानंतर बदललेल्या फाईली आणायच्या होत्या. मशीन बोली, एक भी नहीं बदली.”

“काहून नाही? मी रोज लिहून राहिलो होतो!”

“कौनसी तारीख को?”

यशवंतराव घुटमळले. “अठरा फेब्रुवारी.”

“और दूसरे दिन?”

“अठरा फेब्रुवारी.”

वनमाला मागच्या वर्षी एकोणीसला गेली होती. मेल्या माणसाला नावं ठेवायची नाहीत, हा घराचा नियम. म्हणून भांडणं लिहायला बसण्याआधी ते मशीनची तारीख मागे नेत. जिवंत बायकोबद्दल माणूस काहीही लिहू शकतो.

निरंजननं कपाळावर हात मारला. “मशीनला वाटलं, हे दिवाळीच्या आधीचं. सोडून दिलं तिनं.”

“अन् जुनी डिस्क?”

“कोरी केली. पुसू का विचारलं, तर तुम्हीच ‘हव, पूस’ म्हणाले. फिर से लिख लीजिए ना.”

“बरं लिहितो. तारीख मागं घे.”

“अब नहीं होगा. घोटाळा नको म्हणून तारखेला पासवर्ड लावलाय. आणि तो मी देणार नाही.”

तो गेल्यावर यशवंतरावांनी उरलेली फाईल वाचली. अशी गुणी बाई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पडद्यावर नऊ फेब्रुवारी, वर्ष ती गेल्यानंतरचं. त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि उचलली.

एकही भांडण अजून पुन्हा लिहून झालेलं नाही.