शुक्रवारचं कपाट

"टेबलं आधी, टोपल्या मागून," एनिड शॅकलटन म्हणाली. मुलांतल्या बेरिलने मात्र न सांगताच भिंतीवरची चित्रं उतरवायला घेतली होती. शनिवारी चर्चच्या या हॉलमध्ये नाच असायचा. त्यामुळे दर शुक्रवारी दुपारी, ही बारा मुलं इथे कधी नव्हतीच असं वाटावं इतकं सगळं कपाटात कोंबावं लागे.

याला शाळा म्हणायची सोय नव्हती. १९६२ साली इंग्लंडमधल्या लँकाशरमध्ये डॉक्टरने शाळेच्या लायकीचं नाही म्हटलं, की मूल इथे यायचं, टोपल्या विणायला. एनिडही शिक्षिका नव्हती, नुसती देखरेखीला होती. तिने एकदा वाचनाची पुस्तकं मागितली, तर शिक्षण कचेरीने कळवलं की या मुलांना त्यांचा उपयोग नाही. बाई हट्टाला पेटली. चहाची पाकिटं आणि बिस्किटांचे डबे पुढ्यात ठेवून, त्यांवरची अक्षरं दाखवत तिने चार वर्षांत बेरिलला वाचायला शिकवलं.

मग बेरिलच्या आईला, गिरणीत मागावर असणाऱ्या नोराला, तिनेच भरीला घातलं. फेरतपासणी मागा, पोरीला खऱ्या शाळेत घेतील, म्हणाली. नोरा खाडा करून, ठेवणीतली टोपी घालून डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने बेरिलला ठोकळे रचायला लावले, गाय आणि घोडा यांत फरक काय ते विचारलं. परक्या माणसापुढे पोरीची दातखीळ बसली. वाचायला त्याने काही दिलंच नाही. हिला वाचता येतं हो, असं नोराने धीर करून सांगितलं, तर तो हसला.

"वाचता येत असतं तर ती त्या हॉलमध्ये कशाला असती, बाई?"

आज नोरा गिरणीतून तडक आली. केसांत कापूस तसाच होता.

"कचेरीचं पत्र सकाळी आलंय, मिस. माझा हात होईना फोडायला. तुम्हीच बघा."

एनिडच्या दोन्ही हातांत टेबल होतं. बेरिलनेच पाकीट घेऊन फोडलं.

"मी वाचते."

नोराचा चेहरा असा फुलला, की एनिडला तिला अडवणं जमलं नाही. बेरिल शब्दांखालून बोट फिरवत वाचू लागली.

"आपली मुलगी... बेरिल ओग्डन... ही शाळेत... शिक्षण घेण्यास..." ती अडली. "मिस, हा कुठला?"

एनिडने पाहिलं. खोटं सांगता आलं असतं. पण चार वर्षांत तिने एकही शब्द आयता सांगितला नव्हता.

"तोडून वाच."

"अ... पात्र. अपात्र." बेरिलने मान वर केली. "बरोबर?"

"बरोबर. एकही चूक नाही," एनिड म्हणाली. ही आशा आपणच लावली, याची तिला मनापासून लाज वाटली.

नोरा कोट न काढता खुर्चीवर बसून राहिली. बेरिलने पत्राची नीट घडी घातली आणि ते चित्रांबरोबर कपाटात ठेवून दिलं. शुक्रवारी बाहेर काही ठेवायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं.